परत केलेले मोबाईल आणि शेऱ्याचा रकाना

ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी एक विलक्षण आंदोलन केले. काही मिळावे म्हणून मोर्चे निघतात, हे आपल्या परिचयाचे आहे. येथे मात्र मिळालेली वस्तू परत करण्यासाठी बायका ठिकठिकाणच्या प्रकल्प कार्यालयांत जमल्या. पोषण अभियानात शासनाने दिलेले मोबाईल त्यांनी शासनाच्या पुढ्यात नेऊन ठेवले. 'मोबाईल वापसी' या नावाने ही घटना वर्तमानपत्रांत आली आणि वर्तमानपत्रांच्या रीतीप्रमाणे विरूनही गेली. कामगार चळवळीच्या इतिहासात तिची नोंद होईल तेव्हा होईल. आम्हांस ती लेखनाच्या इतिहासातील घटना वाटते, आणि साहित्याच्या वाचकांपुढे ती मांडण्याचे कारण तेच आहे.

तक्रारी साध्या होत्या. मोबाईल २ जीबी रॅमचे, स्वस्तातले. दोनेक वर्षांच्या वापराने ते तापू लागले, मध्येच अडू लागले. वॉरंटी संपलेली, दुरुस्तीचा खर्च महिन्याला ८,३२५ रुपये मानधन घेणाऱ्या सेविकेच्या माथी. त्यातच १ मार्च २०२१ रोजी केंद्र शासनाचे 'पोषण ट्रॅकर' हे नवे ॲप आले. या मोबाईलमध्ये ते धड उतरेना. उतरले तर चालेना. शिवाय ते इंग्रजीत होते. बालकांची, गरोदर स्त्रियांची, स्तनदा मातांची नावे रोमन अक्षरांत भरावयाची होती. शासनाचा मोबाईल चालत नसेल तर स्वतःच्या मोबाईलवर भरा, असाही आग्रह होऊ लागला. तेव्हा बायकांनी वस्तूच परत केली.

या गाऱ्हाण्यात दोन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत. वस्तू हलकी होती, ही एक. आणि ज्या सॉफ्टवेअरवाचून ती वापरण्याची मुभाच नव्हती ते सॉफ्टवेअर बेंगरूळ होते, ही दुसरी. बातम्यांचा भर पहिलीवर राहिला, कारण खरेदी, किंमत, दर्जा हे विषय वर्तमानपत्रास सोयीचे असतात. आमच्या मते दुखणे दुसऱ्या गोष्टीत आहे. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल. कारण 'अंगणवाडी' हा शब्दच मुळी स्वस्त साधनांच्या पोटी जन्मला आहे.

ताराबाई मोडक १९२३ पासून भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांच्यासमवेत बालशिक्षणाचे काम करीत होत्या. तेथे मॉन्टेसरी पद्धती होती आणि तिची महागडी, ठरावीक मापांची उपकरणे होती. १९४५ मध्ये त्यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांना तेथे येऊन मिळाल्या आणि पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांमध्ये गेले. ही उपकरणे त्या मुलांपर्यंत नेणे अशक्य होते. नेली असती तरी ती परकीच ठरली असती. मग शंख-शिंपल्या, बिया, पाने, खडे, मातीचे गोळे, बांबूच्या कांड्या यांची साधने झाली. मूल बालवाडीत येत नाही म्हणून बालवाडी मुलाच्या अंगणात गेली: ती अंगणवाडी. मूल गुरांमागे कुरणात जाते म्हणून शाळाही कुरणात गेली: ती कुरणशाळा. चिंचोक्यापेक्षा स्वस्त साधन ते कोणते! परंतु त्या चिंचोक्यांनी कोणी चिडल्याचे ऐकिवात नाही. मोजणी शिकवायची तर चिंचोके मोजावेत, रांग शिकवायची तर मांडावेत, एखादा हरवला तर दुसरा घ्यावा. साधन बाईंच्या हुकमतीत होते. बाई साधनाच्या हुकमतीत नव्हत्या.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा 'अंगणवाडी' हा शब्द तिने घेतला. आज देशभरात सुमारे १४ लाख आणि महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. शब्द गेला तेथे चिंचोके किती गेले, हा निराळा प्रश्न. चिंचोक्यांच्या सोबत, आणि हळूहळू त्यांच्या जागी, आल्या त्या नोंदवह्या.

आता एक ठिकाण डोळ्यांसमोर धरू: बिरवाडी. महाडहून वरंध घाटाकडे निघालेल्या वाटेवर, काळ नदीच्या काठी हे गाव आहे. एका अंगाला महाडच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखाने, दुसऱ्या अंगाला सह्याद्रीच्या सोंडा आणि त्या सोंडांवर विखुरलेल्या वाड्या. कारखान्याच्या दारात मोबाईलची रेंज भरपूर. दोन डोंगर ओलांडले की ती एखाद्या दगडावर उभे राहून शोधावी लागते. महाड-पोलादपूर भागातील कोणाही प्रवाशाचा हा अनुभव आहे. येथील कातकरी कुटुंबे पावसाळा सरला की वीटभट्ट्यांवर, कोळशाच्या भट्ट्यांवर जातात आणि पुढच्या पावसाच्या तोंडावर परततात. अशा भूमीवर 'लाभार्थी' या नावाची जी व्यक्ती नोंदवायची असते, ती एका जागी बसून राहणारी नव्हे.

बिरवाडीच निवडण्याचे आणखी एक कारण आहे, आणि ते सांगण्याचा मोह आवरत नाही. येथून जवळच शिवथरघळ आहे. 'दासबोधा'चे लेखन तेथे झाले अशी परंपरा आहे. त्या ग्रंथाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास 'लेखनक्रियानिरूपण' या नावाचा आहे. मराठीतील लेखनाच्या कारागिरीवर याहून नेमके असे जुने विवेचन आम्हांस ठाऊक नाही. अक्षर वाटोळे, सरळ, सुटे, काळ्या शाईचे असावे. पहिल्या अक्षराचे वळण ग्रंथ संपेपर्यंत तेच राहावे. तरुण डोळ्यांना भावते म्हणून बारीक लिहू नये, कारण म्हातारपणी ते वाचवणार नाही. पानाच्या भोवती जागा सोडून मधोमध लिहावे, म्हणजे कडा झडल्या तरी अक्षर झडणार नाही. या सर्व सूचनांच्या मागे एक वाचक उभा आहे. त्याचे डोळे, त्याचे वय, त्याच्या हाती येईपर्यंत कागदाचे होणारे हाल, या साऱ्यांचा विचार लिहिणाऱ्याने आधी करावा, असे तो समास सांगतो. अर्थात तो ब्राह्मणाला उद्देशून सांगतो, हेही विसरता येत नाही. लेखणी तेव्हा मूठभरांच्या हाती होती. वाडीवस्तीवरच्या, नाना जातींच्या बायका आज नोंदवह्या लिहितात, यामागे दीडदोन शतकांचा झगडा आहे, आणि त्या झगड्यातील १९२७ चे पान याच महाडात लिहिले गेले.

अंगणवाडीची नोंदवही हे साहित्य नव्हे. तथापि ते लेखन आहे, आणि प्रत्येक लेखनाप्रमाणे त्यातही एक वाचक गृहीत धरलेला असतो. २०१२ च्या सुमारास योजनेच्या नोंदी नव्याने आखल्या गेल्या तेव्हा अकरा नोंदवह्या ठरल्या: कुटुंबाची माहिती, पूरक आहाराचा साठा, आहाराचे वाटप, पूर्वप्राथमिक शिक्षण, गरोदरपण व प्रसूती, लसीकरण, जीवनसत्त्व अ, गृहभेटी, संदर्भ सेवा, मासिक व वार्षिक गोषवारा आणि बालकांची वजने. ओझे मोठेच होते. एकच नाव चार ठिकाणी लिहावे लागे. कागदाच्या आठवणीने गहिवरून येण्याचे आम्हांस कारण नाही. परंतु या वह्या ज्या भाषेत लिहिल्या जात तीच भाषा लिहिणारीची, जिच्याविषयी लिहिले जाई तिची, आणि तपासायला येणाऱ्या पर्यवेक्षिकेचीही होती.

वजनाचा आलेख घ्या. मुलाच्या वाढीची रेघ कागदावर काढून ती आईच्या हाती द्यावी, ही कल्पना डेव्हिड मॉर्ले या इंग्रज डॉक्टरने नायजेरियातील इमेसी या खेड्यात काम करताना रुजवली. आपल्याकडील आलेखात हिरवा, पिवळा आणि केशरी असे पट्टे असतात. अंगणवाडीतील बाई ठिपका देतात, मागच्या महिन्याच्या ठिपक्याला रेघेने जोडतात, आणि शेजारी बसलेली, कदाचित निरक्षर, आई ती रेघ खाली वळली हे आपल्या डोळ्यांनी पाहते. नोंद होण्याचा क्षण आणि ती वाचली जाण्याचा क्षण येथे एकच आहे. समीक्षेच्या परिभाषेत बोलायचे तर या लेखनाचा गृहीत वाचक लेखिकेच्या गुडघ्याला गुडघा लावून बसलेला आहे.

आणि मग 'शेरा'. सरकारी नोंदवहीच्या शेवटच्या रकान्याला हे नाव असते. मागचे सारे रकाने आकड्यांचे, खुणांचे. हा एकच वाक्याचा. 'भट्टीवर गेले', 'आजोळी आहे', 'आई आजारी, आजी आली', अशी तुटक, क्रियापदावर संपणारी वाक्ये तेथे असतात. आकडा जे सांगत नाही ते शेरा सांगतो. क्वचित आकड्याला खोटेही पाडतो. तक्त्याच्या कोपऱ्यात लिहिणारीचा स्वतःचा आवाज उमटण्याची तेवढीच जागा. दप्तराच्या इतिहासावर काम करणाऱ्यांनी शेऱ्याच्या रकान्याकडे अधिक आस्थेने पाहावयास हवे, असे आम्हांस पुष्कळ दिवस वाटत आले आहे.

मोबाईल आला तो ८ मार्च २०१८ रोजी सुरू झालेल्या पोषण अभियानातून. त्यावरचे पहिले सॉफ्टवेअर 'कॉमन ॲप्लिकेशन सॉफ्टवेअर', म्हणजे बायकांच्या तोंडी 'कॅस'. अकरांपैकी दहा नोंदवह्या त्याने पोटात घेतल्या. ते मराठीत चालत असे. तेही निर्दोष नव्हते. पण रखडत का होईना, बायका ते शिकल्या, आणि पुष्कळांनी ते आवडीने वापरले. नंतर २०२० मध्ये केंद्राने कॅस बंद केले आणि काही महिन्यांनी पोषण ट्रॅकर आणला. म्हणजे असे, की हात तेच, मोबाईल तोच, नोंदी त्याच. बदलले ते फक्त सॉफ्टवेअर. काल जे यंत्र मराठी दाखवीत होते ते आज इंग्रजी मागू लागले. वस्तूच्या हलकेपणावर सारा दोष टाकता येत नाही, तो यासाठी. सॉफ्टवेअरला आपल्याकडे 'आज्ञावली' असा शब्द केला आहे. त्यातील आज्ञा यंत्राला उद्देशून असते, अशी आमची समजूत होती.

इंग्रजीची सक्ती ही तांत्रिक अडचण होती, असे कोणी म्हणेल तर ते टिकणारे नाही. आमच्या वाचकांपैकी ज्यांनी १९९५ ते २००५ या दशकात आपला प्रबंध संगणकावर करून घेतला, त्यांना खरी तांत्रिक अडचण कशी असते हे स्मरत असेल. मराठीसाठी निराळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागे, ते चालण्यासाठी संगणकाच्या पाठीमागे एक कुलपासारखे यंत्र खुपसावे लागे, आणि इतक्या खटपटीने तयार झालेले प्रकरण मार्गदर्शकांच्या संगणकावर उघडले की त्याच्या जागी चिन्हांचा कचरा दिसे. परंतु तेव्हाही त्यावरचा उतारा तयार होता. देवनागरीच्या कळफलकाचा इनस्क्रिप्ट हा आराखडा १९८६ चा, आयएससीआयआय ही भारतीय संकेतप्रणाली १९९१ मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली गेली, आणि त्याच वर्षी आलेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी होती. २०२१ पर्यंत स्वस्तातला स्वस्त मोबाईलही मराठी दाखवू आणि लिहू शकत होता. सेविकांच्या हातातला मोबाईल मराठी जाणत होता. त्यावरचे सक्तीचे ॲप जाणत नव्हते.

रोमन अक्षरांनी नेमके काय बिघडते, हे बिरवाडीच्या परिसरातच पाहता येईल. गावाजवळून वाहणारी नदी काळ. ती रोमनमध्ये लिहिली की काल होते, कल होते, किंवा काल्पनिक काहीही होते. ळ हे अक्षर तेथे नाही. या तालुक्यातील तळिये गावाचे तलिये करणे इंग्रजी नकाशांना भागच पडते. सभोवती दऱ्या आहेत. रोमनमध्ये लिहून पुन्हा मराठीत आणल्या की त्यांचा दर्या होतो, आणि डोंगर समुद्राला मिळतात. गंमत म्हणून हे ठीक. पण एका बाळाचे नाव बाईंनी एका महिन्यात एका स्पेलिंगने भरले, दुसऱ्यांदा दुसऱ्या, आणि आधार कार्डावर तिसरेच छापले असेल, तर यंत्राच्या दृष्टीने ती तीन बाळे आहेत किंवा एकही नाही. नोंदवहीत 'कमळ' लिहिणाऱ्या हाताला 'कमल'शी घोटाळा करण्याची वेळ येत नसे. इंग्रजी न येणे हा येथे बाईंचा उणेपणा मोजला गेला. मराठी न येणे हा ॲपचा उणेपणा कोणी मोजला नाही.

कारभाराची भाषा कोणती असावी, हा वाद या मुलखाला नवा नाही. याच तालुक्यातील रायगडावर राज्याभिषेक झाला, आणि त्या सुमारास शिवाजी महाराजांच्या आज्ञेने 'राजव्यवहारकोश' सिद्ध झाला. दप्तरातील फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देण्याचा तो उद्योग होता. साहित्याचे विद्यार्थी हे जाणतात, की त्यांतील पुष्कळ प्रतिशब्द कोशातच राहिले, आणि दप्तर, कागद, तारीख, हजेरी ही मंडळी मराठीत सुखाने नांदत राहिली. म्हणून आमचा आग्रह शुद्ध मराठीचा नाही. 'ट्रॅकर' आणि 'ॲप' हे शब्द बायकांनी केव्हाच पचवले. त्यांना विभक्तिप्रत्यय लावून त्या बोलतात. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे. त्याचाही आधार घेण्याची गरज नाही. प्रश्न इतकाच, की नोंद कोणाला वाचण्यासाठी केली जात आहे?

पोषण ट्रॅकरचा गृहीत वाचक दिल्लीतील एक फलक आहे. देशातील सर्व अंगणवाड्यांचे आकडे तेथे त्याच दिवशी दिसावेत, एका साच्यात दिसावेत, बेरीज करण्याजोगे दिसावेत. ही अपेक्षा अयोग्य आहे असे आम्ही म्हणणार नाही. कुपोषणाशी झुंजायचे तर बेरीज लागतेच. परंतु बेरजेला शेरा चालत नाही. यादीत 'स्थलांतरित' हा एक पर्याय असू शकतो. कोणत्या भट्टीवर गेले, कोणाबरोबर गेले, धाकटे मूल आजीपाशी ठेवले की सोबत नेले, हे त्या पर्यायात बसत नाही. आणि आईच्या शेजारी बसून काढलेली रेघ आता यंत्र आतल्या आत काढते. बाईंची मान खाली, डोळे पडद्यावर, अंगठा फिरणाऱ्या चक्राकडे लागलेला. समोर बसलेल्या बाईला काय चालले आहे ते दिसत नाही. तिच्याविषयीच्या लेखनातून ती वाचक म्हणून वगळली गेली.

येथे आमच्या म्हणण्याला छेद देणारी एक गोष्ट सांगणे प्राप्त आहे. मोबाईल वापसीच्या अवघा महिनाभर आधी, २२ जुलै २०२१ रोजी, महाड पाण्याखाली गेले आणि त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे गेली. महाडच्या त्या पुरात घराघरांतले, दुकानांतले, कचेऱ्यांतले कागद चिखल झाले. पानाच्या कडा सोडून लिहिण्याचा समर्थांचा सल्ला तेवढ्या पाण्यापुढे काय पुरणार? अशा दिवशी पहिला प्रश्न असतो, कोणत्या घरात किती माणसे होती. आणि दूरच्या संगणकात सुरक्षित असलेली यादी त्या वेळी शेऱ्याच्या रकान्याहून मोलाची ठरू शकते. हे मान्य केले पाहिजे. त्याच वेळी हेही दिसते, की अशा दिवशी वीज जाते, मनोरे बंद पडतात, आणि त्या घरात कोण होते हे सांगणारे माणूसच लागते. हे दोन्ही खरे आहे, आणि यांतील एकावर बोट ठेवून दुसरे झाकता येत नाही. मात्र संगणकातली ती यादी मराठीत असती तर ती कमी सुरक्षित राहिली असती, असे कोणी सिद्ध करू शकणार नाही.

पुढची हकीकत थोडक्यात. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयातही गेले. २० फेब्रुवारी २०२३ पासून सेविकांनी राज्यव्यापी संप केला. मागण्यांत मानधनाबरोबर नवा मोबाईल आणि मराठी ट्रॅकर होते. त्याच वर्षीच्या मार्चमधील अर्थसंकल्पात सेविकांचे मानधन १०,००० रुपये करण्याची घोषणा झाली. पोषण ट्रॅकर यथावकाश मराठीसह अनेक भारतीय भाषांत उपलब्ध झाला. म्हणजे बायकांचे म्हणणे बरोबर होते. ते करता येण्याजोगे होते, आणि पहिल्याच दिवशी करता आले असते.

भाषेचा प्रश्न असा अर्धामुर्धा सुटला, तो वाचकाचा प्रश्न तसाच राहिला. १ जुलै २०२५ पासून घरी नेण्याचा शिधा देताना लाभार्थीचा चेहरा ॲपमध्ये पडताळून पाहणे बंधनकारक झाले. आता नाव कोणत्या लिपीत लिहावे हा प्रश्नच उरला नाही. चेहराच अक्षर झाला. पण चेहरा जुळण्यासाठी उजेड लागतो, रेंज लागते, चालता मोबाईल लागतो, आणि आधारशी जोडलेल्या दुसऱ्या मोबाईलवर, जो बहुधा नवऱ्याच्या खिशात कामावर गेलेला असतो, त्यावर येणारा आकडा लागतो. शिधा घ्यायला डोंगर उतरून आलेली बाई समोर उभी असते, गावातली बाई तिला तिच्या माहेरच्या नावासकट ओळखत असते, आणि दोघी मिळून यंत्राने ओळख पटवण्याची वाट पाहत असतात. यंत्राने ओळखले नाही तर काय करायचे, याच्या सूचना वेळोवेळी येतात. ओळखले का नाही, हे लिहायला ॲपमध्ये जागा नसते. अनेक अंगणवाड्यांत कागदी नोंदवह्या अजून चालू आहेत, आणि ते त्यांच्या शेवटच्या रकान्यात लिहिले जाते.